खेळ घराचे, किल्ली ज्याची त्याची

घरातील खेळ हा कोणा एकाच्या मालकीचा असतो, ही कल्पनाच आपल्या जुन्या घरांना परकी होती. कॅरमचा बोर्ड कोणी विकत आणला याची चौकशी खेळताना कोणी करीत नसे. सारीपाटाच्या सोंगट्या आजीच्या माहेराहून आलेल्या असत, पण दुपारी डाव मांडला की त्या साऱ्या घराच्या होत. भांडणे होत नसत असे नाही. परंतु ती कोणाची पाळी यावरून होत, कोणाची वस्तू यावरून क्वचितच होत. आज खेळाचे रूप बदलले आहे. तो पेटीत वा फडताळात न राहता संगणकाच्या, कन्सोलच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर अवतरतो, आणि तो विकत घेणाऱ्याच्या नावाने उघडलेल्या खात्यात जमा होतो. वाटून खेळण्याची आपली सवय मात्र जुनीच आहे. या जुन्या सवयीची आणि नव्या वस्तूची सांगड नीट कशी घालावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु तो तसा नाही. एका तरुणाने पाचसहा वर्षांत हौसेने जमविलेल्या गेमची किंमत आज सहज काही हजार रुपयांच्या घरात जाते. त्या खात्याशी त्याचे ईमेल, त्याचा पैसा आणि त्याचे नाव जोडलेले असते. असे खाते एका रात्रीत हातचे गेले तर हानी खेळाची होत नाही, घरातील विश्वासाची होते.

दौलतगंजातील प्रश्न

ग्वाल्हेरचे लष्कर वसले ते दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून, १८१० च्या सुमारास. दौलतगंज हे नावही त्याच काळाची आठवण करून देते. फौजेच्या आणि दरबाराच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांच्या अनेक पिढ्या या परिसरात नांदल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि सणावारी सारे गोत एकत्र, हा येथला जुना शिरस्ता. आज त्याच घरांतील मुले पुण्यास, बंगळुरास, हैदराबादेस नोकरीला आहेत. काही परदेशी स्थिरावली आहेत. गणपतीला किंवा मे महिन्यात मात्र घर पुन्हा भरते. चुलत, आते, मामे अशी सारी भावंडे एका माजघरात जमतात, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडण्याची सोय नसल्याने खेळ हाच आधार उरतो.

अशा घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. नोकरीला गेलेल्या दादाच्या खात्यात पंधरावीस उत्तम गेम पडून आहेत. त्याला खेळायला सवड नाही. ते धाकट्यांनी खेळले तर बिघडले कोठे? आमचे उत्तर असे, की खेळण्यात काहीच बिघडले नाही, आणि वाटून घेण्याच्या वृत्तीत तर मुळीच नाही. बिघडते ते पद्धतीत. दादा व्हॉट्सअ‍ॅपवरून आपला पासवर्ड पाठवून देतो, आणि घरचे म्हणतात की झाले काम. येथेच घोटाळ्याचे बीज पडते. वस्तुतः गेम वाटून घेण्याची रीतसर सोय त्या त्या कंपन्यांनीच करून ठेविली आहे. तिचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल: खजिना सर्वांना खुला करावा, पण किल्ली ज्याची त्याच्यापाशीच असावी.

विकत घेतले म्हणजे काय घेतले?

हे सूत्र समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दुकानातून आणलेले पुस्तक आपले असते. ते आपण भाच्याला देऊ, रद्दीत घालू, नातवाला ठेवू. ऑनलाइन विकत घेतलेला गेम त्या अर्थाने आपला होत नाही. पैसे देऊन आपण मिळवितो ती तो वापरण्याची परवानगी, आणि ती परवानगी आपल्या नावच्या खात्याशी बांधलेली असते. संगणकावरील गेमचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’. ते २००३ साली सुरू झाले. त्याच्या करारात खाते दुसऱ्यास विकण्यास अथवा हस्तांतरित करण्यास मनाई आहे. इतर दुकानांचे करारही थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

ग्राहकाला ही गोष्ट उमगत नाही म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एक कायदाच लागू केला. डिजिटल वस्तूची केवळ परवानगी दिली जात असेल, तर विक्रेत्याने ग्राहकाला तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘खरेदी करा’ हे शब्द वापरता येत नाहीत. त्यामागे अनुभव होता. युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा गेम लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले, आणि विकत घेणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही.

तात्पर्य, येथे खाते हेच कपाट आणि खाते हीच पावती. कपाटाची किल्ली गेली की आतील एक पुस्तक जात नाही, सारे ग्रंथालय जाते.

पासवर्ड दिल्याने काय होते?

पासवर्ड देणारा दादा उदार असतो आणि घेणारी भावंडे प्रामाणिक असतात, असे आपण गृहीत धरू. तरीही पुढील गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट पैशाची. खात्यात शिल्लक रक्कम असते, कधी पैसे भरण्याचे साधन जोडलेले असते, आणि काही गेममधील आभासी वस्तूंना तर खरोखरीची बाजारकिंमत असते. बारा वर्षांच्या मुलाला एक बटण दाबण्याचा अर्थ दरवेळी कळतोच असे नाही.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. चोरटे खात्याचे कुलूप फोडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत; ते किल्ली मागून घेतात. ‘आमच्या संघाला मत दे’, ‘चुकून तुझ्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदविली गेली आहे, ती मागे घेण्यासाठी या माणसाशी बोल’, ‘हा क्यूआर कोड स्कॅन कर म्हणजे बक्षीस मिळेल’, असे निरोप मित्राच्या नावाने येतात. दिलेल्या दुव्यावर हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे पान उघडते आणि मूल तेथे पासवर्ड लिहून मोकळे होते. पुढे मोबाइलवर आलेला कोडही ते सांगते. पासवर्ड जितक्या जणांना ठाऊक, तितकी ही दारे अधिक. त्यातून आत्येभावाने तो शाळेतील मित्राला सांगितला, तर खात्याची किल्ली गल्लीत फिरू लागली म्हणून समजावे.

तिसरी गोष्ट वयाची. दादा चोवीस वर्षांचा आहे, त्याचे खाते त्या वयाचे आहे. त्यातून खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला दुकान चोवीस वर्षांची समजते. प्रौढांसाठीचे गेम, अनोळखी लोकांशी संभाषण, दादाच्या मित्रांचे निरोप, हे सारे तिच्यापुढे उघडे असते, आणि कोणत्याही पालकाला त्यावर नियंत्रण ठेवण्याचा मार्ग उरत नाही.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एकाच खात्यातून पाच जण वावरले, म्हणजे काय कोणी केले याचा छडा लागत नाही. पैसे गेले, गेममध्ये लबाडी केल्यावरून बंदी आली, कोणाला अपशब्द लिहिले गेले, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. मग गोष्ट मुलांवरून त्यांच्या आईबापांवर जाते, आणि जावाजावांचे बोलणे बंद होते. खेळ राहतो बाजूला.

रीतसर वाटणी: संगणकावर

स्टीमने कुटुंबात गेम वाटण्याची पहिली सोय २०१३-१४ मध्ये केली. तीत एक मोठी अडचण होती. मालकाने स्वतः कोणताही एक गेम सुरू केला, की त्याच्या संग्रहातील दुसराच गेम खेळत असलेल्या भावालाही उठावे लागे. एका वाचकाने पुस्तक उघडले म्हणून साऱ्या वाचनालयाला टाळे ठोकावे, तसा तो प्रकार होता. २०२४ साली आलेल्या ‘स्टीम फॅमिलीज’ने ती अडचण दूर केली.

हिची रचना अशी. एक प्रौढ व्यक्ती कुटुंबाचा गट तयार करते आणि इतरांना निमंत्रण पाठविते. स्वतःसकट जास्तीत जास्त सहा जण गटात बसतात. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र, पासवर्ड स्वतंत्र. सर्वांच्या संग्रहातील वाटण्याजोगे गेम प्रत्येकाला दिसू लागतात. कोणी कोठवर मजल मारली याची नोंदही ज्याची त्याच्याकडे राहते. धाकट्याने दादाचा डाव पुसून टाकला, ही तक्रारच उद्भवत नाही.

एकाच वेळी दोघे दोन वेगवेगळे गेम खेळू शकतात, मग ते दोन्ही गेम एकाच दादाने घेतलेले असले तरी चालते. मात्र एका गेमची एकच प्रत घरात असेल, तर एका वेळी एकालाच ती मिळते. दोघांना तोच गेम एकदम खेळावयाचा असेल तर घरात दोन प्रती हव्यात. वाचनालयाचा हाच तर नियम आहे. सर्वच गेम वाटले जातात असेही नाही. ज्यांना दुसऱ्या कंपनीचे खाते किंवा वर्गणी लागते, असे काही गेम वगळलेले असतात. म्हणून एखादा गेम भावंडांसाठी म्हणून घेत असाल, तर तो वाटता येतो की नाही हे दुकानातील त्याच्या माहितीत आधी पाहावे.

एक कलम मात्र मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावण्याजोगे आहे. गटातील कोणी आपली प्रत वापरून ऑनलाइन खेळताना लबाडीची साधने वापरली आणि त्याच्यावर बंदी आली, तर प्रतीचा मालक असलेल्या आपल्यावरही त्या गेमपुरती बंदी येते. दुसऱ्याने केलेल्या पापाचा वाटा येथे खरोखरीच घ्यावा लागतो. तेव्हा गटात कोणाला घ्यावे, हा केवळ प्रेमाचा प्रश्न नाही.

कन्सोल आणि मोबाइल

दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेल्या कन्सोलची रीत निराळी. प्लेस्टेशन ५ वर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ ही सोय आपल्या खात्यापुरती एका कन्सोलवर चालू करता येते. ती केली की त्या यंत्रावर स्वतःच्या खात्याने येणारे घरातील इतर जणही आपले गेम खेळू शकतात. एक्सबॉक्सवर याच व्यवस्थेला ‘होम एक्सबॉक्स’ म्हणतात. हे ‘घर’ वर्षातून पाच वेळाच बदलता येते. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: खजिना यंत्राशी जोडला जातो, आणि पासवर्ड कोणालाही सांगावा लागत नाही. मात्र हे ‘घर’ आपल्याच घरातील यंत्र असावे. ओळखीच्या दुकानदाराच्या किंवा मित्राच्या कन्सोलवर ही सोय चालू करणे म्हणजे आपल्या घराची पाटी दुसऱ्याच्या दारावर लावणे होय. यंत्र विकण्यापूर्वी ही सोय बंद करून खाते काढून टाकावे, हेही ओघाने आलेच.

निन्टेंडो स्विचची २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेली व्यवस्था वाचून तर आमच्या वाचनालयप्रेमी वाचकांना गंमत वाटेल. डिजिटल गेमला तेथे आभासी कार्डाचे रूप दिले आहे. कुटुंबाच्या गटातील एका व्यक्तीला एक कार्ड चौदा दिवसांसाठी उसने देता येते. मुदत संपली की ते आपोआप मालकाकडे परत येते, आणि तोवर मालकाला तो गेम खेळता येत नाही. दंडाची भीती नाही, परत मागण्याचा संकोच नाही, पुस्तकाला फुटलेले पाय नाहीत! गटात आठ जणांपर्यंत घेता येतात.

मोबाइलवर अ‍ॅपलने २०१४ पासून आणि गूगल प्लेने २०१६ पासून कुटुंबासाठी संग्रहाची सोय ठेविली आहे. दोन्हींत एकूण सहा जण बसतात. विकत घेतलेले पात्र गेम इतरांना मिळतात. मात्र गूगल प्लेवर गेमच्या आत घेतलेल्या वस्तू, म्हणजे नाणी, हिरे, पोशाख इत्यादी, वाटता येत नाहीत. त्या ज्याच्या त्याच्याच राहतात. फुकट म्हणून उतरविलेल्या गेममध्ये खरा खर्च येथेच होतो, हे पालकांनी विसरू नये. मुलाने काही विकत घेऊ पाहिले तर आधी पालकाच्या मोबाइलवर संमती मागण्याची व्यवस्था दोन्हीकडे आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून चालू असावी.

कुटुंब कोणाला म्हणावे?

आता आम्ही त्या मुद्द्याकडे येतो, जो महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना विशेष जाणवतो. आपल्या बोलण्यात कुटुंब म्हणजे चार पिढ्यांचे गोत. या कंपन्यांच्या लेखी कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारी पाचसहा माणसे. स्टीमने स्पष्ट म्हटले आहे, की ही सोय एका घरात राहणाऱ्या निकटच्या कुटुंबीयांसाठी आहे. शिवाय देशाची अटही आहे. अमेरिकेतील काकाच्या खात्यातील गेम दौलतगंजातील पुतण्याला या मार्गाने मिळत नाहीत. गूगल आणि अ‍ॅपल यांचेही कुटुंब एकाच देशाचे असावे लागते.

पुण्यात स्वतंत्र बिऱ्हाड केलेला मुलगा या व्याख्येत बसतो असे आम्ही म्हणणार नाही. मन मानीत नसले तरी करार तसा आहे, आणि करार मोडून मिळविलेली सोय ऐनवेळी काढून घेतली गेली तर दाद मागायला तोंड उरत नाही. परंतु यातूनही मार्ग निघतो. मुलाने जाताना जुना कन्सोल घरी ठेवला आणि त्यावर आपल्या नावची सोय चालू ठेवली, तर त्या घरच्या यंत्रावर धाकट्यांना खेळता येते. त्यासाठी पासवर्ड सांगावा लागत नाही. संगणकाच्या बाबतीत पुढील काळात जो गेम धाकटेच खेळणार आहेत, तो दादाने स्वतःच्या खात्यात न घेता त्यांच्या खात्यात भेट म्हणून द्यावा. वाढदिवसाला पाकिटात पैसे घालण्याऐवजी हे करणे काही अवघड नाही. सुटीत सारे जमले म्हणजे दादाने स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या समोर, वाटेल त्याला खेळू द्यावे. त्याला तर कोणताही गट लागत नाही.

गट घाईने जमवू नये, याला आणखी एक कारण आहे. स्टीमवर गट सोडणाऱ्या प्रौढाला, तो पूर्वीच्या गटात आला त्या दिवसापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत दुसरा गट करता येत नाही वा त्यात जाता येत नाही. त्याची रिकामी झालेली जागाही तशीच वर्षभर अडून राहते. म्हणजे चार दिवसांसाठी आलेल्या मावसभावाला हौसेने गटात घेतले, तर तो परत गेल्यावर जागा अडते आणि त्याच्या स्वतःच्या घरच्या गटाची वाटही बंद होते. पंगतीत पान वाढताना माणसे मोजावी लागतात, तशी येथेही मोजावीत.

लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीचे काय? तिने आपल्या पैशाने घेतलेले गेम तिच्या खात्यात असतात, ते तिच्याबरोबर जातात. माहेरच्या गटाला ते दिसेनासे होतील; पण तिचे काही जाणार नाही. स्त्रीधनाचा जुना न्याय येथे आपोआप पाळला जातो. हे शक्य होते ते प्रत्येकाचे खाते आरंभापासून स्वतंत्र असल्यामुळेच. भावाच्या खात्यात घेतलेले बहिणीचे गेम मात्र पुढे वेगळे काढता येत नाहीत. म्हणून घरातील मुलीचेही खाते तिच्याच नावाने उघडावे; ‘दादाच्याच खात्यात घेऊ’ ही काटकसर तिला महागात पडते.

मुलांची खाती आणि खरे वय

खाते उघडताना जन्मवर्ष खोटे घालणे ही आपल्याकडे सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तीमुळे तात्पुरते काम होते, परंतु पालकाच्या हातातील सारी साधने निकामी होतात. स्टीमच्या करारानुसार खाते उघडण्यास किमान तेरा वर्षांचे वय लागते. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो यांवर लहान मुलांसाठी पालकाच्या खात्याला जोडलेली वेगळी खाती असतात. स्टीमच्या गटातही प्रत्येकास प्रौढ अथवा मूल अशी भूमिका देता येते. मुलाच्या भूमिकेतील खात्याला कोणते गेम दिसावेत, किती वेळ खेळता यावे, दुकान आणि मित्रांशी संभाषण उघडे असावे की बंद, हे प्रौढ ठरवितो. मूल गेम मागू शकते, पैसे प्रौढ भरतो. मुलाचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळवून देण्याची सोयही प्रौढापाशी असते.

गेमच्या वेष्टनावर किंवा दुकानातील पानावर वयाची खूण असते, ती पाहण्याची सवय लावावी. युरोपातील ‘पेगी’ पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे टप्पे आहेत. हे आकडे गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत, त्यातील मजकूर कोणत्या वयाला योग्य ते सांगतात. सात वर्षांच्या मुलाला सोळाचा गेम उत्तम खेळता येतो. म्हणून तो त्याने खेळावा असे नव्हे.

आपल्या देशातील कायद्याचाही कल याच दिशेने आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतील बहुतेक तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्याआधी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमविषयीचा कायदा संमत केला. त्यात पैसे लावून खेळण्याच्या गेमवर बंदी आहे. आपण ज्या संग्रहाविषयी बोलत आहोत, त्यात अशा गेमना स्थान नाही. कोणी ‘फॅमिली गेम’ म्हणून रमीचा दुवा पाठविला, तर तो मुलांपर्यंत जाऊ देऊ नये.

घरची व्यवस्था

या सर्वांची घडी बसविण्यास एक रविवार पुरे. घरातील एका प्रौढाने कर्तेपण घ्यावे. तो सर्वांत वडीलच असावा असे नाही, ज्याला यातले कळते आणि जो घरीच राहतो तो असावा. ती घरातील सून असेल तर अधिकच बरे. मुलांच्या वेळापत्रकाची खबर तिला असते.

प्रत्येकाचे खाते त्याच्याच ईमेलवर असावे आणि त्या ईमेलचा पासवर्ड गेमच्या पासवर्डाहून वेगळा असावा. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, म्हणजे नव्या यंत्रावरून कोणी शिरू लागला तर मोबाइलवर विचारणा होते. ही पडताळणी सुरू करताना एक रिकव्हरी कोड मिळतो. तो मोबाइलमध्येच ठेवण्यात अर्थ नाही, कारण मोबाइल हरविल्यावरच त्याची गरज पडते. एका साध्या वहीत खात्याचे नाव, ईमेल, उघडल्याची तारीख आणि हा कोड लिहून ती वही बँकेच्या पासबुकांशेजारी कपाटात ठेवावी. पासवर्ड मात्र त्या वहीत नको.

पैसे भरण्याचे साधन मुलांच्या खात्यांना जोडू नये. दरमहा ठरलेली लहान रक्कम खात्यात टाकली, तर नुकसानीला मर्यादा राहते आणि मुलाला हिशेबाचे वळणही लागते. बाजारात शेदोनशे रुपयांत ‘शंभर गेमचे खाते’ विकणारे भेटतात. तो माल बहुधा चोरीचा अथवा उसना असतो, आणि विकणारा केव्हाही ते खाते परत घेऊ शकतो. त्या वाटेला जाऊ नये.

आजवर पासवर्ड वाटून झाले असतील, तर क्रम असा ठेवावा: आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, मग गेमच्या खात्याचा; नंतर ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ ही सोय वापरावी; दुहेरी पडताळणी लावावी; आणि त्यानंतरच गट जमवून निमंत्रणे धाडावीत. धाकट्यांचे खेळणे एका दिवसापलीकडे थांबत नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे अडविले जाण्याची शक्यता अधिक असते. लाजेने दडवून ठेवण्यात तेच तास वाया जातात. म्हणून मुलांना एवढे निक्षून सांगावे, की चूक झाली तर रागावणे नंतर होईल, आधी येऊन सांग.

शेवटी एक शंका. एवढे नियम, एवढ्या भिंती घातल्यावर घरातील आपलेपणा तो काय राहिला? आम्हांस तसे वाटत नाही. एकत्र कुटुंबातही प्रत्येकाची ट्रंक वेगळी असे आणि तिला कुलूप असे. त्यामुळे पंगत काही वेगळी बसत नसे. दादाने पासवर्ड दिला नाही म्हणून तो परका झाला, असे धाकट्यांना वाटू न देणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. त्याने किल्ली राखली म्हणूनच त्याचा खजिना त्यांच्यासाठी शाबूत राहिला, हे त्यांना नीट समजावून सांगितले, तर उद्या स्वतःचा पासवर्ड कोणी मित्राने मागितल्यावर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्यही त्यांना घरातूनच मिळेल.